जुन्या मोटारीस पेट्रोल कां पोंचत नाहीं ?

उभ्या पिकास पाणी पोंचत नाहीं असें दिसलें म्हणजे शेतकरी पिकाच्या मुळाशीं खणीत बसत नाहीं. तो विहिरीपासून पाटाच्या कडेनें चालत येतो, आणि कोठें पाट फुटला, कोठें गाळ भरला, कोठें उंदरानें बीळ केलें, हें डोळ्यांनीं पाहतो. मोटारीच्या इंजिनास पेट्रोल पोंचेनासें झालें म्हणजे मात्र हाच शहाणा मनुष्य आपली रीत विसरतो, व मिस्त्रीनें पहिल्याच झटक्यास कार्बोरेटर उघडला तरी स्वस्थ पाहत उभा राहतो. वस्तुतः दोन्ही ठिकाणीं रीत एकच आहे. ती जुन्या मोटारी बाळगणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस समजावून द्यावी, आणि अलीकडे पेट्रोलच्या घटनेंत जो पालट झाला आहे त्याचा या दुखण्याशीं काय संबंध आहे तेंही सांगावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जुन्या मोटारी कोणत्या ?— आमचा रोख मुख्यतः दोन गाड्यांवर आहे. पहिली जीप. विलीज जातीच्या जीपची जुळणी महिंद्रा कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें सुरू केली; पुढें या गाडीस २,१९९ घन सेंटीमीटरचें चार सिलिंडरांचें ‘हरिकेन’ इंजिन लाभलें. सरकारी कचेऱ्यांनीं निकालांत काढलेल्या अशा जीप लिलावांत घेऊन कित्येक शेतकऱ्यांनीं वर्षानुवर्षें वापरल्या. दुसरी गाडी फियाट. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ही १,०८९ घन सेंटीमीटरची गाडी तयार होत असे, व १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईंत टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. तथापि खेड्यापाड्यांत हौसेनें अथवा गरजेनें ठेवलेल्या गाड्या अद्यापि आहेत. या दोन्ही गाड्यांत संगणक नाहीं कीं विजेवर चालणारा पेट्रोल-पंप नाहीं. जें आहे तें डोळ्यांस दिसतें व हातास लागतें. म्हणूनच त्यांचें दुखणें घरच्या घरीं ओळखतां येतें.

पेट्रोलचा मार्ग.— निदान करण्यापूर्वीं मार्ग माहीत पाहिजे. जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते. फियाटची मागील बाजूस असते. टाकींतून एक धातूची नळी निघते व तिला ठिकठिकाणीं रबरी नळीचे तुकडे जोडलेले असतात. ही नळी इंजिनाच्या अंगास बसविलेल्या पंपापर्यंत येते. पंपाच्या पोटांत एक लवचीक पडदा असतो. इंजिनांतील कॅमच्या दांड्यानें पंपाचा खटका दाबला गेला कीं पडदा खालीं ओढला जातो व टाकींतील पेट्रोल शोषून घेतो. खटका सुटला कीं खालची कमान पडदा वर लोटते व पेट्रोल पुढें ढकलतें. आंत येण्यास एक व बाहेर जाण्यास एक अशा दोन झडपा असतात. पंपापुढें पेट्रोल गाळणींतून कार्बोरेटरच्या वाटींत जातें. पाण्याच्या हौदास तरंगता गोळा असतो, व हौद भरला कीं तो गोळा तोटी बंद करतो, तशीच या वाटींत फ्लोट व सुई यांची योजना असते. वाटींतून पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रावाटें कार्बोरेटरच्या घशांत येतें, हवेंत मिसळतें व सिलिंडरांत जातें.

येथें एक भेद वाचकांनीं मनांत पक्का धरावा. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ही ओढीची बाजू. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची बाजू ही रेट्याची बाजू. रेट्याच्या बाजूस नळी फुटली तर पेट्रोल बाहेर गळतें, वास येतो, दोष ताबडतोब उघडकीस येतो. ओढीच्या बाजूस बारीक चीर पडली तर बहुधा एक थेंबही गळत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत ओढली जाते, आणि पंप पेट्रोलऐवजीं हवा गिळूं लागतो. ज्यांनीं विहिरीवरील पंपाच्या शोषण-नळींत हवा धरल्याचें पाहिलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. मोटारीच्या दुखण्यांत सर्वांत फसवा दोष हाच होय.

आधीं ठिणगी कीं पेट्रोल ?— इंजिन बंद पडण्यास पेट्रोलच कारण असेल असें नाहीं. प्लगांस ठिणगी न मिळाली तरीही तें बंद पडतें. दोहोंची लक्षणें वेगळीं आहेत. ठिणगी गेली तर इंजिन बहुधा दिवा मालवल्याप्रमाणें एकाएकीं थांबतें. पेट्रोल कमी पडूं लागलें तर तें आधीं ठसके देतें, चढावर किंवा ओझ्यानें दम सोडतें, उतारावर थोडें सुधारतें, व कांहीं वेळ उभें राहिल्यावर पुन्हा चालूं लागतें. याहून खात्रीची परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून वरील हवेची गाळणी काढावी, आणि कार्बोरेटरच्या घशांत पाहत अॅक्सिलरेटरचा दांडा हातानें झटकन् ओढावा. आंत पेट्रोलची बारीक पिचकारी उडालेली दिसली तर वाटींत पेट्रोल आहे. मग इंजिन सुरू न होण्याचें कारण ठिणगीकडे शोधावें. पिचकारी उडाली नाहीं तर बहुधा पेट्रोल पोंचलेलें नाहीं, व पुढील तपासणी मार्गाच्या आरंभापासून करावी.

टाकी.— सर्वांत प्रथम टाकींत पेट्रोल आहे काय तें पाहावें. हें सांगणें हास्यास्पद वाटेल, परंतु जुन्या गाडीचा कांटा हा गांवच्या अफवेइतकाच विश्वासार्ह असतो. स्वच्छ लांकडी काठी आंत बुडवून पाहावी. नंतर टाकीचें झांकण. टाकींतून पेट्रोल जितकें जाईल तितकी हवा आंत यावी लागते, व त्यासाठीं झांकणास बारीक छिद्र असतें. तें धुळीनें बुजलें तर आंत पोकळी होते आणि पंपाची ओढ निष्फळ होते. बंद पडलेल्या गाडीचें झांकण सैल करतांच ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आंत गेली व इंजिन पुन्हा चालूं लागलें तर निदान झालें. छिद्र साफ करण्यापलीकडे खर्च नाहीं.

टाकीच्या तळाशीं गंज, गाळ व पाणी सांचतें. तळाचा स्क्रू सोडून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें व ती पाव तास हलवूं नये. तळाशीं निराळा थर दिसला तर तें पाणी. तांबूस भुकटी दिसली तर गंज. गाडी थोडें अंतर नीट चालून मग बंद पडत असेल, आणि कांहीं वेळानें पुन्हा तेवढेंच अंतर चालत असेल, तर टाकींतील गाळ ओढीच्या तोंडाशीं जाऊन बसतो व इंजिन थांबल्यावर खालीं पडतो, असा संशय घ्यावा.

नळी.— नंतर टाकीपासून पंपापर्यंतच्या प्रत्येक रबरी तुकड्यावरून हात फिरवावा. नळी वांकवून पाहिली असतां बारीक भेगा दिसल्या, किंवा दाबल्यावर ती मऊ व फुगीर लागली, तर ती बदलावी. पंपाच्या अलीकडे थोड्या वेळापुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर हवेचे बुडबुडे येतात कीं काय तें प्रत्यक्ष दिसतें. तपासणी संपतांच तो तुकडा काढून टाकावा, कारण तसली नळी उष्णतेंत टिकत नाहीं. आवळपट्ट्या सैल असल्या तरीही हवा शिरते.

पंप.— पंपाची परीक्षा करतांना इंजिन थंड असावें. कॉइलची तार काढून ठिणगी बंद करावी, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें, व दुसऱ्या मनुष्यानें स्टार्टर फिरवावा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस एक अशी पेट्रोलची ठसठशीत उडी पडली पाहिजे. या जातीच्या पंपाचा दाब दर चौरस इंचास साधारण दोन ते चार पौंड असतो. म्हणजे उडी जोरकस असावी, परंतु कारंजें अपेक्षूं नये. उडी पडते पण दुबळी, किंवा फेंस येतो, तर ओढीच्या बाजूस हवा शिरत आहे अथवा झडपा नीट बसत नाहींत. मुळींच पडत नसेल तर पडदा फाटला असण्याचा संभव आहे. फाटलेल्या पडद्याची दुसरी खूण फार महत्त्वाची आहे: पेट्रोल इंजिनाच्या ऑइलांत उतरतें. ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली असेल व त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी एक पाऊलही चालवूं नये. पातळ झालेल्या ऑइलनें बेअरिंगें जातात, आणि पडद्याच्या किरकोळ खर्चाऐवजीं सबंध इंजिन बांधण्याचा खर्च पदरीं पडतो.

कार्बोरेटर.— येथपर्यंत सर्व ठीक असेल तरच कार्बोरेटरास हात लावावा. त्याच्या तोंडाशीं बहुधा एक लहान जाळी असते. ती आधीं पाहावी. सुई अडकली तर दोन प्रकार होतात: बंद स्थितींत अडकली तर वाटी रिकामी राहते, उघडी राहिली तर पेट्रोल ओसंडतें, काळा धूर येतो व प्लग ओले होतात. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आंत पेट्रोल खुळखुळत असेल तर त्यास छिद्र पडलें आहे. जेट साफ करतांना तार घालूं नये. जेटचें छिद्र कारखान्यांत अत्यंत बारकाईनें मापून पाडलेलें असतें. तारेनें तें मोठें होतें व पुढें गाडी पेट्रोल फार खाते. सायकलच्या पंपाची हवा पुरेशी आहे.

मिश्र पेट्रोल.— आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. ज्या काळीं या गाड्या घडल्या त्या काळचें पेट्रोल व आजचें पेट्रोल एक नव्हे. उसापासून व धान्यापासून होणारा मद्यार्क, ज्यास एथेनॉल म्हणतात, तो पेट्रोलमध्यें मिसळण्याचा प्रयोग आपल्या देशांत २००१ सालीं झाला. त्यांतील महाराष्ट्रांतील ठिकाणें मिरज व मनमाड हीं होतीं. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा ५ चें मिश्रण आलें, जून २०२२ मध्यें देशाची सरासरी शेंकडा १० वर गेली, आणि शेंकडा २० चें जें उद्दिष्ट पूर्वीं २०३० सालासाठीं होतें तें २०२५ मध्येंच गांठलें गेलें. नव्या गाड्या या मिश्रणास जुळतील अशा घडविल्या जातात. जुन्या गाड्यांस तें कोणीं विचारलें नाहीं.

या मद्यार्काचे जुन्या गाडीवर चार परिणाम होतात. पहिला, तो जुन्या जातीचें रबर फुगवितो, मऊ करतो व अखेर भेगाळतो; पंपाचा पडदा व नळीचे तुकडे यांवर हा घाला प्रथम पडतो. दुसरा, टाकीच्या व नळ्यांच्या आंत वर्षानुवर्षें धरलेला चिकट थर तो सोडवितो. हा थर वाहत येऊन गाळणींत व जेटांत बसतो. तिसरा, तो हवेंतील ओल शोषून घेतो. थोडें पाणी पेट्रोलांत जिरून जातें. परंतु तें प्रमाणाबाहेर गेलें कीं पाणी व मद्यार्क दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळीं होतात व तळाशीं बसतात, आणि पंप पहिल्यानें तेंच ओढतो. पावसाळाभर उभी ठेवलेली गाडी दसऱ्यास सुरू होत नाहीं, त्याचें एक कारण हें आहे. चौथा परिणाम जेटाविषयीं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. मद्यार्कास सुमारें ९ भाग पुरते. शेंकडा २० मिश्रणास साडेतेराच्या आसपास हवा लागते. जुना जेट पहिल्या हिशेबानें पाडलेला असल्यामुळें इंजिनास इंधन थोडें कमी व हवा अधिक अशी स्थिति होते. सकाळीं चोक फार वेळ ओढावा लागणें, कार्बोरेटरांतून फट्‌ फट्‌ आवाज येणें, इंजिन अधिक तापणें, हीं त्याचीं लक्षणें होत. मद्यार्कांत उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच असल्यामुळें प्रत्येक लिटरास अंतरही थोडें कमी पडतें.

आपल्या टाकींत मद्यार्क किती आहे हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत असतें तसें खुणांचें कांचेचें मोजपात्र घ्यावें. त्यांत १० भाग पाणी व ९० भाग पेट्रोल घालून तोंड झांकून हलवावें, व स्थिर होऊं द्यावें. पेट्रोलमधील मद्यार्क पाण्यांत उतरतो व खालचा थर वाढतो. शेंकडा २० मिश्रण असेल तर १० चा थर साधारण २५ ते २८ पर्यंत चढतो. हा प्रयोग उघड्या हवेंत, अग्नीपासून दूर करावा. व तें पेट्रोल परत टाकींत ओतूं नये.

आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. पालमजवळच्या एका शेतकऱ्याची जीप रात्रीं रुग्णास घेऊन लोह्याच्या वाटेनें नांदेडास निघाली असतां मध्येंच ठसके देऊन उभी राहिली. रुग्ण दुसऱ्या वाहनानें पुढें गेला व सुदैवानें वांचला. गाडी मात्र दोरानें ओढून आणावी लागली. पुढील दोन महिन्यांत निरनिराळ्या मिस्त्रींनीं कार्बोरेटर तीन वेळां उघडला, पंप नवा बसविला, प्लग बदलले. खर्च वाढत गेला व दुखणें तसेंच राहिलें. शेवटीं टाकीखालची वीतभर रबरी नळी काढून वांकवून पाहिली तेव्हां तिच्या आवळपट्टीखालीं केसासारखी चीर आढळली. गळती नव्हती म्हणून तिकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. नवा पंप जितका जोरानें ओढी तितकी हवा अधिक येई. टाकीपासून आरंभ केला असता तर हा दोष पहिल्या अर्ध्या तासांत सांपडता.

उन्हाळ्याचें दुखणें.— चैत्र-वैशाखांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या पुढें जातो. अशा वेळीं गरम इंजिनाजवळील नळींत वा पंपांत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठीं आहे, वाफ नव्हे. म्हणून गाडी थोडी थांबवून पुन्हा सुरू करूं गेल्यास ती चालत नाहीं. अर्धा तास सांवलींत ठेवून, पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवल्यानें गाडी चालूं लागली, तर दोष वाफेचा समजावा. ओलें फडकें ठेवावें, पाणी ओतूं नये. तापलेल्या बिडाच्या इंजिनावर थंड पाणी पडल्यास तें तडकण्याचा संभव असतो. कायमचा उपाय म्हणजे नळी धुराड्याच्या नळापासून दूर नेणें.

उपाय.— वरील निदानावरून उपाय उघड आहेत. एक, गाडींतील सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा मद्यार्कास टिकणाऱ्या जातीचे घालावे. दुकानांत ‘व्हायटन’ किंवा एथेनॉलला चालणारी नळी असें स्पष्ट मागावें. दोन, टाकी एकदां उतरवून स्वच्छ धुवावी, व पंपाच्या आधीं पारदर्शक वाटीची गाळणी बसवावी, म्हणजे गाळ व पाणी दिसत राहतें. तीन, रबर बदलल्यावरही इंजिन हवेचें आधिक्य दाखवीत असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून एक माप मोठा जेट घालून घ्यावा. जुना जेट कोरूं नये. चार, गाडी पंधरवड्यास एकदां तरी चालवावी. महिनेच्या महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी किंवा कांठोकांठ भरावी. अर्धी टाकी ठेवणें सर्वांत वाईट, कारण तिच्यांत ओलसर हवेस जागा सांपडते.

सावधगिरी.— पेट्रोलचें काम रात्रीं कंदिलापाशीं किंवा विडी ओढीत करूं नये. काम बाहेर, मोकळ्या हवेंत करावें, बॅटरीची तार आधीं सोडावी (पंपाच्या परीक्षेपुरतीच ती जोडावी), व शेजारीं मातीची वा वाळूची बादली भरून ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकल्यानें आग पसरते. नळी तोंडांत धरून पेट्रोल ओढण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. घोट फुप्फुसांत उतरल्यास तो प्राणावर बेततो. असा घोट कोणाच्या पोटांत गेलाच तर त्यास ओकारी काढावयास लावूं नये. तसाच दवाखान्यांत न्यावा.

कित्येक शेतकरी मिश्र पेट्रोलास शिव्या देतात. आमचें मत तसें नाहीं. हा मद्यार्क परक्या देशाच्या विहिरींतून येत नाहीं. गोदाकांठच्या ज्या शेतांत आपला ऊस उभा आहे, तशाच शेतांतून त्याचा कच्चा माल येतो, व कारखान्यानें उसाचे पैसे वेळेवर चुकते करण्यास त्याचा आधार होतो. आपल्याच मालानें आपल्याच गाडीचें रबर खाल्लें, तर माल टाकून देण्यापेक्षां रबर बदलणें शहाणपणाचें. मात्र जुन्या गाडीच्या मालकांनीं हा पालट ओळखून वेळीं तजवीज केली पाहिजे.

शेवटीं एक सूचना. महसुली कामांत स्थळपाहणी केल्यावांचून व पंचनामा लिहिल्यावांचून निकाल देत नाहींत. गाडीच्या बाबतींतही तसेंच करावें. एका वहींत तारीख, गाडी कोठें व कशी थांबली, हवा किती तापली होती, टाकी किती भरली होती, काय तपासलें व काय आढळलें, हें दोन ओळींत लिहून ठेवावें, आणि मिस्त्रीकडे जातांना ती वही घेऊन जावी. टाकी, नळी, पंप, गाळणी, कार्बोरेटर, या क्रमानें ज्यानें स्वतः पाहिलें आहे त्यास कोणीही अनावश्यक सुटा भाग विकूं शकत नाहीं. आणि ज्या रात्रीं घरांतील माणसास दवाखान्यांत न्यावयाचें असेल त्या रात्रीं त्याची गाडी वाटेंत उभी राहण्याचा धोकाही पुष्कळच कमी होतो.